अकरा नावं, बारा मुठी

श्रावण लागला की आमच्या घराण्याच्या मोबाइल ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो. कानबाईला कोण कोण येणार? मग कुणी पुण्याहून गाडीचा फोटो टाकतं, कुणी बाजारातलं सगळ्यात मोठं गंगाफळ उचलून त्याच्याबरोबर स्वतःचा फोटो काढतं, आणि माझी धाकटी वहिनी विचारते, यंदा गहू किती मोजायचे? तिचा हा प्रश्न आला की मी फोन पालथा ठेवते. काहीतरी काम काढते. कपाट आवरते, नसलेली धूळ झटकते. नवरा म्हणतो, तुला दरवर्षी श्रावणातच कपाट कसं आठवतं? त्याला मी अजून सांगितलेलं नाही.

ज्यांना आमची कानबाई माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती आमच्याकडे येते. नारळाला नथ, डोळे, दागिने, वर केळीच्या खांबांचा मांडव. सोमवारी वाजतगाजत नदीवर जाऊन तिला निरोप द्यायचा. या दोन दिवसांत जे खायचं ते गव्हाचे जाड रोट, बरोबर गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, कढी आणि खीर. रोट फक्त भाऊबंदांनी खायचे, बाहेरच्याला तुकडासुद्धा नाही. आणि त्या रोटांचे गहू मोजायची आमच्या घराण्यातली रीत अशी की घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. नाव घ्यायचं, मूठ टाकायची, वर चिमूटभर. पाळण्यातल्या पोराचीही मूठ असते. बायकांची नसते. गहू निवडायचे बायकांनी, दळायचे बायकांनी, रोट थापायचे बायकांनी, आणि मोजायची नावं बाप्यांची. लहानपणी मी एकदा विचारलं होतं, माझी मूठ कुठाय? तेव्हा सगळ्या हसल्या होत्या, आणि मीही हसले होते.

आमचं मूळ घर धुळ्याला. तिथं नाना, म्हणजे माझे थोरले काका, आणि अक्का, माझी काकू. आम्ही जळगावला, वडलांच्या नोकरीमुळे. गणपती-दिवाळी कुठंही होवो, कानबाईला मात्र धुळ्यालाच. शुक्रवारी आई आणि मी पुढं जायचो. एसटीच्या खिडकीतून पावसाचा सपकारा आत यायचा, एरंडोल गेलं की पारोळा येईपर्यंत दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढी कपाशी, आणि मांडीवरच्या पिशवीतली कोरी साडी भिजू नये म्हणून आईची धडपड. श्रावणाचा वास म्हटला की मला अजून ओल्या रेक्झिनच्या सीटचाच वास आठवतो.

आता मूळ गोष्टीकडे यायला हवं. मी टाळत होते.

अठ्ठ्याण्णव साली मी जळगावला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. दुपारी क्लास, सकाळी लग्नपत्रिकांचं टायपिंग. क्लासचे सर हौशी होते. जळगावात अजून भल्याभल्यांना इंटरनेट म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं, तेव्हा त्यांनी कनेक्शन घेतलं आणि घेतल्यावर त्याचं काय करायचं हे त्यांनाही कळेना. मला म्हणाले, तूच बघ काहीतरी. मग मी सकाळी सातला जायला लागले. मोडेम किरकिरायचा, शिट्ट्या मारायचा, आणि लागला तर लागायचा. मासिकाच्या सीडीवर वेब पानं बनवायचं एक सॉफ्टवेअर फुकट आलं होतं. ते मी शिकले आणि एका परदेशी कंपनीच्या फुकट जागेवर स्वतःची रोजनिशी सुरू केली. नाव ठेवलं ‘तापीकाठची रोजनिशी’. जळगाव काही तापीच्या काठावर नाही, पण अमेरिकेतल्या माणसाला ते कोण सांगायला जाणार?

रोजनिशी म्हणायची, पण आठवड्याला एक पान व्हायचं तेही मुश्किलीनं. मराठी अक्षरं तेव्हा दुसऱ्याच्या मशीनवर दिसायची नाहीत. चौकोन आणि प्रश्नचिन्हं दिसायची. त्यावर मी एक उपाय काढला होता. पत्रिकांच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर टाइप करायचा, त्या अख्ख्या मजकुराचं चित्र बनवायचं, चित्राचे तुकडे करायचे, ते तुकडे वेब पानात एकाखाली एक बसवायचे, आणि मग फोनच्या तारेतून एकेक तुकडा पाठवायचा. मधेच लाइट गेली, कुणी शेजारच्या खोलीतला फोन उचलला, की पुन्हा पहिल्यापासून. एक वेलांटी चुकली तरी अख्खं चित्र नव्यानं. त्यामुळे मी लिहायच्या आधी दहादा विचार करायचे, असं मला वाटायचं. प्रत्यक्षात मी शब्दांचा विचार करायचे, माणसांचा नाही.

पानाच्या तळाशी एक आकडा होता, किती जणांनी पान उघडलं ते दाखवणारा. त्यातल्या निम्म्या वेळा मीच उघडलेलं असायचं. पण उरलेले निम्मे खरे होते. न्यू जर्सीतल्या एक बाई, मूळच्या अमळनेरच्या, इंग्रजी अक्षरांत मराठी निरोप लिहायच्या. मस्कतचे एक इंजिनिअर होते. ते भरीत-कळण्याच्या भाकरीबद्दल वाचून म्हणाले की आज जेवण गेलं नाही. सकाळी साडेसातला, क्लासचे बाक अजून उलटे ठेवलेले असताना, मी ते निरोप वाचायचे आणि दिवसभर हवेत असायचे. मला त्याची चटक लागली, हे सरळ कबूल केलेलं बरं. आणि चटक लागली की माणूस घरातलं एकेक काढून बाजारात न्यायला लागतो.

त्या वर्षी कानबाईच्या आदल्या शुक्रवारी अक्का गहू मोजायला बसली. मधल्या खोलीत, पितळी परात पुढं, बाजूला निवडलेल्या गव्हाचं सूप. आई परसात भांडी घासत होती. मी अक्कासमोर बसून उरलेसुरले खडे काढत होते. अक्का एकेक नाव घ्यायची, हलक्या आवाजात, आणि मूठ परातीत सोडायची. नाना, माझे वडील, धाकटे काका, मग त्यांची मुलं, मग नातवंडं. आमच्यात तेव्हा अकरा पुरुष होते. अकरावं नाव तीन महिन्यांच्या ओमचं. त्याची चिमूट टाकून झाली. मग अक्कानं परात सारखी केली, दाराकडे पाहिलं, आणि आणखी एक मूठ भरून टाकली. वर चिमूट. तोंडानं नाव घेतलं नाही.

ते नाव कुणाचं हे मला विचारायची गरज नव्हती. विजूदादा, अक्काचा थोरला मुलगा. सुरतेला नोकरीला गेला आणि तिथल्या एका नर्सशी त्यानं जातीबाहेर लग्न केलं. ते कळलं त्या दिवशी नाना जेवले नाहीत आणि दुसऱ्या दिवशी म्हणाले की तो आता आपल्या मोजणीत नाही. त्यानंतर घरात त्याचं नाव कुणी काढायचं नाही. पुढं तो आखातात गेल्याचं कानावर आलं होतं, दुबई का शारजा, नक्की कुणाला माहीत नव्हतं. याला सहा वर्षं झाली होती. म्हणजे सहा श्रावण अक्का नानांच्या घरात, नानांच्या कानबाईपुढं, ही बारावी मूठ टाकत होती, आणि नाना त्या गव्हाचे रोट खात होते.

अक्कानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, विनवणीनंही नाही.

“कोनले सांगू नको, पोर,” ती म्हणाली.

मी मान हलवली. आणि खरंच, मी कोणाला सांगितलं नाही. आईला नाही, भावाला नाही. पंधरा दिवस ते पोटात ठेवलं. मग एका सकाळी बाहेर पाऊस लागला होता, क्लासमध्ये मी एकटी होते, तीन आठवडे रोजनिशीत नवीन काही टाकलेलं नव्हतं, आणि न्यू जर्सीच्या बाईंनी विचारलं होतं, काय गं, आम्हाला विसरलीस का? मी लिहायला बसले. ‘कोणाला’ म्हणजे धुळ्यातल्या कोणाला, जळगावातल्या कोणाला, असा मी अर्थ लावला. अमेरिका त्यात कशी येईल? आमच्या नात्यात कुणाकडे कॉम्प्युटर नव्हता. जे लिहायचं ते समुद्रापलीकडे जाणार आणि तिथंच राहणार, अशी माझी पक्की समजूत होती.

मी सावधगिरीही बाळगली, हे विशेष. अक्काची मावशी केली, धुळ्याचं ‘एक गाव’ केलं, विजूला वसंता केलं. पण आकडे तसेच ठेवले. अकरा नावं, बारा मुठी. ते कानाला इतकं छान लागत होतं की बदलवेना. मथळाच तो दिला. आमच्याकडे माणसाचं नाव बदललं तरी चालतं, पण घराण्यात मुठी किती हे प्रत्येक भाऊबंदाला तोंडपाठ असतं. एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नाही, आणि मी त्याच घरात वाढलेली.

त्या पानाला आठवड्यात जेवढे निरोप आले तेवढे आधीच्या सगळ्या पानांना मिळून आले नव्हते. मस्कतच्या इंजिनिअरांनी लिहिलं की ऑफिसात डोळे पुसावे लागले. मी ते निरोप सरांना दाखवले. सर म्हणाले, वा, तू तर लेखिका झालीस. त्या दिवशी मी घरी जाताना एक डझन केळी घेतली, कारण काहीतरी साजरं करावंसं वाटत होतं.

पुढच्या श्रावणात, म्हणजे नव्व्याण्णवला, माझा चुलतभाऊ प्रशांत पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून कानबाईला आला. बिचाऱ्यानं काही वाईट केलं नाही. त्याला कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये माझी रोजनिशी सापडली होती, खाली माझं नाव होतं, आणि त्याची छाती अभिमानानं फुगली होती. सगळी पानं छापून आणली होती त्यानं. तो नुसती चाळूनच आला होता, नीट वाचलं नव्हतं, हे त्यानं नंतर मला शपथेवर सांगितलं. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर पुरुष मंडळी ओट्यावर आणि बायका आतल्या दारात बसल्या असताना तो म्हणाला, आपली ताई जगभर वाचली जाते, ऐका. आणि वरचाच कागद उचलून मोठ्यानं वाचायला लागला.

मला मथळा ऐकू आला तेव्हाच थांबवायला हवं होतं. मी उठलेही. पण पहिल्याच दोन वाक्यांवर धाकटे काका “वा, काय लिहिलंय” असं म्हणाले आणि मी तेवढ्यापुरती बसले. हे मी कधीच कुणाला सांगितलेलं नाही. मला वाटलं असतं तर तो कागद हिसकावता आला असता. मी कौतुक ऐकायला दोन क्षण थांबले, आणि तेवढ्यात प्रशांत मुठीपर्यंत पोचला.

तो वाचत गेला तसे ओट्यावरचे सगळे नानांकडे बघायला लागले. शेवटी त्याचाच आवाज बारीक झाला. नाना भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी कुणाकडे न बघता एवढंच विचारलं, “मोजाले कोन बठेल व्हतं?” त्यांना उत्तर नकोच होतं. त्यांनी पायात चपला अडकवल्या आणि ते बाहेर गेले, अंधार पडायच्या बेताला आले, आणि कानबाईच्या आरतीला नेहमीसारखे उभे राहिले. नाना उठून गेले तेव्हा अक्का आतल्या दारात होती. तिनं पदर तोंडाला लावला नव्हता की काही नाही. ती दाराशी सांडलेली सुपारीची खांडं वेचत होती.

सोमवारी कानबाईला निरोप द्यायला आम्ही पांझरेवर गेलो. पाणी गढूळ, काठाला चिखल, डोक्यावर बारीक पाऊस. बायका गाणी म्हणत होत्या. मी मागं मागं राहत होते. आता अक्का मला काय म्हणेल याची मी रात्रभर तयारी केली होती. ती रागावेल, मी पाया पडेन, ती रडेल, मी रडेन. ती माझ्याजवळ आली आणि माझं मनगट धरून मला बाजूला घेतलं.

“तू लिखेल ते तठे परदेशमा बी दिखस ना?” तिनं विचारलं.

मी हो म्हणाले.

“मंग मना विजूनी वाचं व्हई का?”

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. रात्रीपासून ती याच एका गोष्टीचा विचार करत होती हे मला कळलं. मी तिचा विश्वास मोडला होता, नवऱ्यासमोर तिला उघडं पाडलं होतं, आणि तिला त्याचं काही नव्हतं. मला काहीतरी द्यायचं होतं तिला. तातडीनं, तिथल्या तिथं, म्हणजे मलाही जरा मोकळं वाटलं असतं.

“हो अक्का,” मी म्हणाले. “वाचलं त्यानं. निरोप आलाय त्याचा.”

अक्कानं माझं मनगट सोडलं. हसली नाही, पण तिचा चेहरा सैल झाला. पुढं काय लिहिलं त्यानं, असंही तिनं विचारलं नाही. वाचलं एवढं तिला पुरलं. मला तर आपण फार मोठं पुण्याचं काम केल्यासारखं वाटलं. परतीच्या एसटीत मी शांत झोपले.

पुढच्या वर्षी मी शुक्रवारीच धुळ्याला गेले. मनात होतं की अक्कासमोर बसायचं, दाराकडे पाठ करून, म्हणजे तिला ती मूठ निवांत टाकता येईल. अक्का मोजायला बसली आणि नाना दारात येऊन उभे राहिले. नाना आमच्याकडे न बघता, बाहेर अंगणाकडे तोंड करून म्हणाले, “बठ्ठासना नावनं टाक.” सगळ्यांच्या नावानं टाक. एवढं बोलून ते निघून गेले. वर्षभर त्यांनी ते एक वाक्य कसं जुळवलं असेल, कोण जाणे.

अक्कानं अकरा नावं घेतली, अकरा मुठी टाकल्या, आणि परात उचलायला लागली.

मी म्हणाले, अक्का, दादाची?

“आते कसाले?” अक्का म्हणाली. “त्याले माहीत पडनं ना. आते तो सोताच येई.”

तिनं अगदी सहज सांगितलं. मूठ होती ती न सांगता टाकायची, दूर असलेल्या माणसासाठी. आता तिच्या लेखी तो दूर नव्हता. त्याला कळलं होतं, म्हणजे तो येणार होता, म्हणजे आला की त्याच्यासमोर, त्याच्या नावानं मोठ्यानं टाकायची. मी तेव्हा खरं सांगायला हवं होतं. परात तिच्या हातात होती, नानांनी परवानगी दिली होती, खोलीत आम्ही दोघीच होतो. मी म्हणाले, परात जड आहे, मी घेते.

तो आला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. दर कानबाईला अक्का दुपारच्या सुरतेच्या गाडीची वेळ झाली की ओट्यावर येऊन बसायची आणि भाजी चिरायचं निमित्त करायची. मी रोजनिशी बंद केली. लग्न झालं, वेळ होत नाही, असं लोकांना सांगितलं. ती फुकट जागा देणारी कंपनी यथावकाश बंद पडली आणि पानं गेली. ज्या फ्लॉप्यांवर मूळ मजकूर होता त्या आता कोणतंच मशीन वाचत नाही. त्याचं मला वाईट वाटत नाही. विजूदादाला शोधावं असं मात्र मला का वाटलं नाही, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. उत्तर माहीत आहे. तो सापडला असता तर माझं खोटं सापडलं असतं.

नदीकाठच्या त्या सोमवारनंतर चार वर्षांनी नानांना अर्धांगवायूचा झटका आला. प्रशांतनं सुरतेला दोन फोन केले आणि विजूदादाचा नंबर मिळवला. दोन फोन. तिसऱ्या दिवशी तो दारात उभा होता, केस पिकायला लागलेले, हातात एक लहान बॅग. श्रावण संपत आला होता, कानबाई होऊन गेली होती. अक्का चुलीपाशी होती ती उठून आली. तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि पहिलं वाक्य ती हे बोलली:

“वाचं ना रे तू, इनी लिखेल?”

मी तिच्या मागंच उभी होते. विजूदादानं माझ्याकडे पाहिलं. त्याला काहीही कळलं नव्हतं, पण माझा चेहरा त्यानं वाचला असावा. तो म्हणाला, “हाव, माय. वाचं.”

“मंग इतला दिन कसाले लागनात?” अक्कानं विचारलं.

तो खाली मान घालून उभा राहिला, गुन्हेगारासारखा, आणि अक्कानं त्याला माफ केल्यासारखं डोक्यावर हात ठेवला आणि आत नानांकडे नेलं.

संध्याकाळी तो परसात हात धुवायला आला आणि मला म्हणाला, “मी काय वाचलं ते सांग.” मी सांगितलं. मूठ, रोजनिशी, प्रशांतचं वाचन, पांझरेचा काठ, माझं हो. ओट्यावरची भाजी. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. तो नळाची धार हातावर घेत ऐकत राहिला.

“तिनं मूठ टाकली हे मला कळलं असतं तर मी तेव्हाच आलो असतो,” तो म्हणाला. मग, बहुधा स्वतःशीच, “म्हणजे चार वर्षं तिला वाटत होतं, की मला सगळं माहीत आहे आणि तरी मी येत नाही.”

मी म्हटलं, जाऊन तिला खरं सांगते. त्यानं नळ बंद केला, हात पुसले.

“आता नको,” तो म्हणाला. “आता तिनं मला माफ केलंय.”